कचऱ्यासाठी खरेदी

पर्यावरणस्नेही छंदाची पहिली पायरी म्हणजे खरेदी. ओल्या कचऱ्याचं खत करायचं ठरलं, की टेराकोटाचे तीन मजली डबे घरपोच येतात, फुटू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या फुगेवाल्या वेष्टनात. पाठोपाठ कोकोपीटची वीट, तीही प्लॅस्टिकमध्येच. खरं तर भोकं पाडलेली जुनी बादली, वाळका पाला आणि थोडं आंबट ताक एवढ्यावर काम भागतं. पण बादलीचा फोटो काय काढायचा?

मग बायोएन्झाइम. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-संत्र्याच्या साली, दहा भाग पाणी आणि तीन महिने धीर. पहिला महिनाभर बाटलीत वायू साठतो, म्हणून झाकण रोज सैल करायचं. विसरलं तर ओट्याखाली अवेळी दिवाळी. साली कमी पडल्या म्हणून मोसंबी विकत आणणारी घरंही आहेतच.

कापडी पिशव्या शिवणं त्या मानानं निरुपद्रवी. जुन्या साडीची असेल तर उत्तमच. नव्या कापडाचा हिशेब मात्र वेगळा. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या 2018 च्या अहवालानुसार, ओझोन थरासह सगळे परिणाम मोजले तर सेंद्रिय सुती पिशवीला साध्या प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी करायला 20,000 वेळा वापरावं लागतं. रोज एकदा धरलं तरी जवळजवळ 55 वर्षं! आपल्याकडे दर संक्रांतीच्या वाणात एक नवी मिळते. त्या सगळ्या दारामागच्या खिळ्याला लटकलेल्या असतात आणि खाली मंडईत, "भाऊ, एक पिशवी द्या ना." भाऊही 2018 पासून बंदी असलेली पिशवी गाडीखालून काढून देतो.