कोड नाही, लायसन्स आहे

ॲप बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या 'पॉवर ॲप्स'मध्ये कोड लिहावा लागत नाही. नुसते फॉर्म्युले लिहायचे आणि त्यांना कोड म्हणायचं नाही. डेटा एक्सेलमध्ये कोंबलात तर ऑफिसच्या नेहमीच्या लायसन्सात भागतं. शहाण्यासारखा एसक्यूएल सर्व्हरवर ठेवलात की ॲपला डेटाशी जोडणारा कनेक्टर 'प्रीमियम' होतो. शहाणपणाचे पैसे वेगळे!

खरी मौज नोंदी शोधण्यात आहे. जी अट डेटाबेसकडे धाडता येत नाही, ती ॲप स्वतः तपासतं, पण पहिल्या ५०० नोंदींपुरतीच. सेटिंग वाढवलंत तर २०००. बाकीच्या? एडिटरात एक पिवळा त्रिकोण उगवतो, तोही ॲप बनवणाऱ्यापुरता. वापरणाऱ्याला दिसते देखणी, अर्धवट यादी. त्यावरून रिपोर्ट, रिपोर्टवरून साहेबांचा निर्णय. ५०१वा ग्राहक फोन करतो, तेव्हा कळतं की तो सिस्टीममध्ये नाहीच. बिल मात्र त्याला दरमहा जातं. ते जुन्या सॉफ्टवेअरमधून निघतं.