समुद्र पाळायचा झाल्यास

कुत्रा पाळणाऱ्याने कुत्रा सांभाळला की झालं. शिंपला पाळणाऱ्याला मात्र पाणी सांभाळावं लागतं. शिंपला त्यात भाडेकरूसारखा राहतो, काही बोलत नाही, आणि एखाद्या सकाळी तोंड वासून कायमची जागा सोडतो.

खांडबाऱ्यात घरी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवावी, तळाला वाळू, वाळूत चार शिंपले, म्हणजे तिसऱ्या, असा विचार मला अधूनमधून सतावतो. उन्हाळ्यात जास्त.

पहिला प्रश्न समुद्राचा. आमचं स्टेशन सुरत-भुसावळ लाइनवर. गाडीत बसलं की सुरत, सुरतेपलीकडे डुमसचा किनारा. दोन कॅन भरून आणायला कितीसा वेळ? पण डुमसची वाळू काळी आणि पाणी गढूळ. त्या गाळात तापीचा वाटा मोठा, आणि तापीला पाणी पुरवणाऱ्यांत आमच्या नवापूर तालुक्यातल्या नेसू नि रंगावलीही आहेत. म्हणजे आपणच धाडलेलं पाणी उकाईच्या धरणात मुक्काम करून सुरतेला खारट होणार, आणि आपण ते तिकीट काढून, आपल्याच चिखलासकट, परत आणणार. हा व्यवहार काही पटत नाही.

मग मीठ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. दोनशे लिटरची टाकी म्हणजे सात किलो. एवढं मीठ एकदम मागितलं की किराणावाला विचारणारच, “यंदा लोणचं किती घालताय?” सुरतेच्या खाली दांडीला ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी मूठभर मीठ उचललं आणि साम्राज्य अस्वस्थ झालं, इथे सात किलोंनी एक शिंपलाही खूश होत नाही. कारण समुद्राच्या क्षारांत आपलं स्वयंपाकाचं मीठ तीन चतुर्थांशाहून थोडं जास्त, उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम नि आणखी बरंच काही. शिंपला घर स्वतः बांधतो आणि चुना पाण्यातून काढतो. त्यामुळे हौशी लोक तयार मिश्रणाची पाकिटं मागवतात, ती आरओच्या पाण्यात कालवतात आणि मग काही आठवडे टाकी ‘पिकू’ देतात. घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्या काळात वस्तीला येतात. तोवर घरात दिवा लावलेलं, पंप सुरू असलेलं, रिकामं खारट पाणी असतं. ते बघून बायको काय म्हणेल, हे लिहीत नाही.

कोकणात हे सगळं एका पातेल्यात उरकतं. बाजारातून आणलेल्या तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, त्या आपणहून रेती टाकतात. उघडी राहिलेली, टिचकी मारूनही न मिटणारी तिसरी फेकायची; बाकीच्यांचं एकशिपी करायचं. जगात शिंपले पाळण्याचा सर्वांत यशस्वी घरगुती प्रयोग हाच असावा, फक्त मुदत थोडी कमी.

मुदत वाढवायची तर तिसरीला खायला घालावं लागतं, आणि इथे खरी गंमत आहे. ती एका नळीने पाणी आत ओढते, त्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खाते, दुसऱ्या नळीने पाणी बाहेर सोडते. आपण टाकी आरशासारखी लख्ख ठेवली की ती उपाशी मरते. म्हणून शौकीन मंडळी बाटल्यांतून हिरवं शेवाळ वाढवतात. आधी पाणी गाळायचं, मग त्यात शेवाळ घालायचं, मग ते शिंपल्याने गाळायचं! महाशिंपला त्या मानाने शहाणा. निळ्या-हिरव्या मखमली कडांत तो शेवाळ पोसतो आणि उजेडावर जगतो. लक्षद्वीप-अंदमानात त्याच्या काही जाती आहेत, पण त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, म्हणजे त्या वाघाच्या पंगतीतल्या. तिकडे बघायचं नाही.

आणि वैशाख? टाकीला पंचविसाच्या आसपास तापमान हवं, इथे बाहेर पारा चाळिशी ओलांडतो. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. नवशिके खारं पाणी ओततात आणि टाकीचा मृत समुद्र करतात. त्यात लाइट गेली की पंप बंद, प्राणवायू कमी. यावर जुना उपाय आहे. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन नावाच्या बाईने टॉर्कीच्या किनाऱ्यावरची प्रवाळं लंडनला घरी आणून ठेवली. पंप नव्हताच, तिची मोलकरीण खिडकीपाशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. प्रवाळं जगली. श्रेय बाईंना मिळालं. आमच्याकडे असं काम सांगून बघा, दुसऱ्या दिवसापासून भांडीही आपल्यालाच घासावी लागतील.

एवढा खटाटोप पाहून वाटतं, समुद्राने आपणहून यावं. तसा तो एकदा येऊन गेला आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरच्या नर्मदेच्या खोऱ्यात, नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी. मध्य प्रदेशातल्या बागच्या खडकांत त्याने सोडलेल्या कालवांचे जीवाश्म सापडतात. पुढे लाव्हा आला आणि आमच्या काळ्या खडकाने सगळा हिशेब झाकून टाकला. गावात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारा मी पहिला असेन, पण परिसरात शिंपल्यांचा मान माझ्याआधीचा.

समजा, जमलं सगळं. पाहुणे येणार. काचेला नाक लावून बराच वेळ बघणार.

“हाई जित्तं शे का?”

“आहे की. टाकीवर टिचकी मारा, मिटेल.”

टिचकी. शिंपला मिटतो. पाहुण्यांना पटतं, पण आता बघायला काहीच उरत नाही.

“आणि महिन्याला लाइटबिल?”

मी आकडा थोडा कमी करून सांगणार. पाहुणे तरीही पिशवी उचलणार. बाजारात सुक्या बोंबलांचा वाटा बघायचा असतो त्यांना. खांडबाऱ्याने समुद्र असाच पाळलाय, उन्हात वाळवून, कागदात बांधून, खुंटीला टांगून. मांजर सोडलं तर त्याला कुणापासून धोका नाही.