चकचकीत का साधा?

घरात इंक टँकचा प्रिंटर आला की आधी सातबारा, आधारकार्ड आणि पोरांचे प्रोजेक्ट निघतात. मग कुणाला तरी बारशाचे फोटो आठवतात आणि एकाला चितळे रोडला पिटाळलं जातं. दुकानदार विचारतो, ‘एकशेऐंशी देऊ का दोनशेसत्तर? ग्लॉसी का मॅट?’ यावर सगळ्या नगर जिल्ह्याचं एकच उत्तर : ‘चांगल्यातला द्या.’

चांगल्यातला म्हणजे जाड, असा आपला समज. पण जीएसएम म्हणजे निव्वळ वजन. एक चौरस मीटर कागद १८० ग्रॅम भरला की तो १८० जीएसएमचा. ए-फोरचं पान त्याचा सोळावा हिस्सा, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅम. जाडीमुळे फोटो हाताला भारदस्त लागतो एवढंच; रंग खुलतात ते वरच्या लेपामुळे.

लेपाची हौस काही आजची नाही. निजामशाहीची नगरच्या आधीची राजधानी जुन्नर आणि नंतरची दौलताबाद, दोन्ही हातकागदासाठी नावाजलेल्या. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात कागदाला खळ देऊन तो घोटून गुळगुळीत करत, बोरू अडू नये आणि शाई फुटू नये म्हणून. फोटोच्या कागदावरचा लेपही शाईला जिथल्या तिथे धरून ठेवतो. फक्त घोटून कुणाचा खांदा दुखत नाही.

आता ग्लॉसी. दुकानात नमुना दाखवतात तेव्हा तो जीव घेतो. पण आपल्याकडे फोटो नुसते बघत नाहीत, हाताळतात. चिवड्याची बशी आणि फोटो एकाच वेळी फिरतात. ‘हा कोण गं, शेवगावच्या मावशींचा का?’ म्हणत जो तो चेहऱ्यावर बोट ठेवतो, आणि तलाठ्यापुढे उमटवावा तसा स्वच्छ ठसा उमटतो. भिंतीवर तर आणखी पंचाईत. ट्यूबलाइट नेमकी आजोबांच्या कपाळावर चमकते आणि हार घालणारा आधी मान वाकडी करून आजोबा शोधतो. मॅटला हे दुखणं नाही, पण त्यावर काळा रंग राखाडीकडे झुकतो आणि पैठणीचा काठ मवाळ पडतो. मला विचाराल तर बारीक दाण्याचा लस्टर घ्यावा. तो आपणहून कुणी दाखवत नाही, मागावा लागतो.

छापायची बाजू कोणती ते कळेना, तर किंचित ओलसर बोट कोपऱ्यावर टेकवावं. चिकटल्यासारखं वाटेल ती बाजू. प्रिंटरलाही कागद कोणता ते सांगावं लागतं. बऱ्याच टँकवाल्या प्रिंटरांत काळी शाई वेगळ्या जातीची, साध्या कागदासाठीची असते. सेटिंग ‘प्लेन पेपर’वरच राहिलं तर ती ग्लॉसीवर तरंगत बसते आणि बाळाचं काजळ गालभर पसरतं. छापलेला फोटो दिवसभर वाळू द्यावा, मगच फ्रेममध्ये घालावा. काच आणि कागद यांच्यात माउंटची पट्टी हवी, नाहीतर ग्लॉसी काचेला चिकटून बसतो.

मापाचाही एक चावटपणा आहे. मोबाइलचा आडवा फोटो बहुतेक चारास तीन या प्रमाणात असतो, कागद मात्र सहा बाय चारचा. कडेपर्यंत छापलं तर उंचीचा नववा हिस्सा छाटला जातो : वरून फेट्यांचे तुरे, खालून मांडी घालून बसलेल्या पोरांचे गुडघे. तुरा गेलेला मामा पुढच्या दिवाळीपर्यंत विषय काढत राहतो. म्हणून पांढरी किनार ठेवावी; दिसायला जुन्या वळणाची, पण घरात शांतता राहते.

एवढं सगळं पटवून दिल्यावरही स्थळाला पाठवायचा फोटो आमच्याकडे ग्लॉसीवरच निघतो. तिथे आत्यापुढे कुणाचं चालत नाही. ‘मॅटवर मुलगा कर्जबाजारी दिसतो रे,’ ती म्हणते.