लेखकनामोद्भव विशेषणांचा दैनंदिन वापर: काही सूचना

ज्या गृहस्थांस अर्ज, मानपत्र अथवा निषेधाचा ठराव लिहिण्याचा प्रसंग वारंवार येतो, परंतु ग्रंथवाचनास फुरसत म्हणून मिळत नाही, त्यांच्या सोयीसाठी पुढील सूचना जारी करण्यात येत आहेत.

प्रथम निवड. बुलढाणा जिल्ह्यातील इच्छुकांनी ‘कोल्हटकरी’ या विशेषणाने आरंभ करावा. कारण श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनी खामगाव व जळगाव-जामोद येथे वकिली केली असल्यामुळे हा माल स्थानिक ठरतो व त्यावर जकात पडत नाही.

नंतर सिद्धी. नावाच्या अंती ‘कर’ असल्यास ईकार बिनदिक्कत लावावा: कोल्हटकरी, खांडेकरी, मर्ढेकरी. ‘गडकरी’ या आडनावात ईकार जन्मतःच वसत असल्याने, लेखक कोठे संपला व विशेषण कोठे सुरू झाले हे ठरविण्याची मुखत्यारी वाचकास द्यावी. ‘देशपांडे’ या नावाच्या वाटेस मात्र मेहकर तालुक्यात तरी जाऊ नये. कारण ‘शीळ’कर्ते ना. घ. देशपांडे तेथलेच असल्यामुळे, आपण त्यांच्या भावगीताची स्तुती केली की पु. ल. देशपांड्यांच्या विनोदाची, याच्या खुलाशासाठी निराळा अर्ज गुदरावा लागतो.

आता अर्थ. तो शक्य तितका मोघम असावा. ‘सुदाम्याचे पोहे’ (१९१०) या कोल्हटकरांच्या ग्रंथात सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रयीच्या द्वारे रूढींची जी झडती घेतली गेली, तिच्याशी आपला यत्किंचित परिचय नसला, तरी ज्या पंचनाम्यात घटनेपेक्षा साक्षीदारच अधिक ठळक दिसतात, त्यास ‘कोल्हटकरी’ म्हणण्यास प्रत्यवाय नाही. कोल्हटकरांनी नाटके लिहिली, महाराष्ट्रगीत रचले, ज्योतिर्गणितावर ग्रंथ केला, हा तपशील विशेषणात मावत नसल्याने दप्तरी दाखल करून विसरावा. शाब्दिक कोटी एवढाच त्यांचा मुलूख, असे धरून चालल्यास विशेषण हलके राहते आणि कोठेही नेता येते.

अखेरीस संकटनिवारण. सभेत ‘सुदाम्याचे पोहे’ खरोखर वाचलेला एखादा इसम निघाल्यास गांगरू नये. ‘कोल्हटकरी’ खोडून ‘गडकरी’ करावे. राम गणेश गडकरी कोल्हटकरांस गुरू मानीत, तेव्हा चूक शिष्यपरंपरेच्या खाती जमा होते. एवढ्यावरही तो नाकबूल राहिल्यास ठरावाचा मसुदा त्याच्याच हवाली करावा. ज्याने वाचण्याचा गुन्हा केला, त्याने लिहिण्याची शिक्षा भोगावी, हे कोणत्याही न्यायासनास मान्य होईल.