शिलकी उष्णतेची कैफियत

उद्या सायंकाळी आपणांस किती थंडी वाजेल याचा निर्णय आज रात्री निजण्यापूर्वीच करून ठेवावा, अशी अपेक्षा ज्या उपकरणाचा निर्माता आपल्या ग्राहकाकडून बाळगतो, त्याच्या मनुष्यस्वभावावरील श्रद्धेला माझा दंडवत असो. ब्रिटनमधल्या ज्या घरांत गॅसची नळी पोहोचलेली नाही, तेथे भिंतीला पाठ लावून उभी असलेली एक बुटकी, रुंद आणि चार माणसांनाही सहजासहजी न हलणारी लोखंडी पेटी दृष्टीस पडते. तिला स्टोरेज हीटर म्हणतात. एडिंबऱ्यातील आमच्या भाड्याच्या घरात अशा दोन पेट्या आहेत. पैकी निजायच्या खोलीतली सुस्वभावी असून, प्रस्तुत कैफियत दिवाणखान्यातल्या पेटीसंबंधी आहे.

या पेटीचा कारभार थेट सरकारी खजिन्याचा. तिच्या पोटात लोहमिश्रित जड विटांचे थर रचलेले असतात व त्यांच्यामधून तापणारी वेटोळी फिरवलेली असतात. मध्यरात्रीनंतरचे सुमारे सात तास, जेव्हा लोक निजलेले आणि विजेचा दर उतरलेला असतो, तेव्हा ही वेटोळी त्या विटांना सहाशे अंशांच्या घरात नेऊन पोहोचवतात, आणि दिवसा तीच जमा थोडीथोडी करून खोलीत खर्ची पडते. मोठी पेटी ३.४ किलोवॅटची असते, म्हणजे एका रात्रीचा पुरा भरणा जवळजवळ २४ युनिटांचा. १९७८ साली ‘इकॉनॉमी सेव्हन’ या नावाने हा निशाचर दर रूढ झाला, त्याच्या मुळाशी ग्राहकाविषयीच्या ममतेपेक्षा, रात्रीपुरती विझवणे न परवडणारी मोठमोठी वीजकेंद्रे होती, हे सांगणे न लगे. पेटीच्या माथ्यावर दोन खुंट्या असतात, एक जमेची आणि एक खर्चाची. खर्चाची खुंटी रात्री मोकळी राहिली, तर सारी शिल्लक आपण दुलईत असतानाच उधळली जाते; आणि डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या आतच येथील सूर्यनारायण मावळले, की खजिन्यात खडखडाट.

आमच्या दिवाणखान्यातील पेटीचे दुखणे मात्र खुंट्यांपलीकडचे होते. ती आपण होऊन बंद पडे. मन मानेल त्या दिवशी गार पडे आणि कोणासही कारण देत नसे.

पुण्यास वीज मंडळातून निवृत्त झालेले माझे श्वशुर या बाबतीत आमचे सल्लागार. त्यांनी प्रथम पुरवठ्याचा संशय घेतला. तो अगदीच अनाठायी नव्हता. कारण या देशातील कित्येक घरांत रात्रीचा स्वस्त प्रवाह केव्हा जोडावा व केव्हा तोडावा, याचा हुकूम बीबीसीच्या रेडिओ फोरच्या दीर्घलहरींवरून, १९८ किलोहर्ट्झवर, सुटत असे. क्रिकेटचे धावते वर्णन ऐकणाऱ्या श्रोत्याच्या कानाला दाद लागू न देता त्याच लहरींतून सांकेतिक फर्माने मीटरापर्यंत पोहोचत, आणि ३० जून २०२५ पासून ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने मोडीत काढण्यास आरंभ झाला. “जावईबापू,” श्वशुर फोनवर काही काळ स्तब्ध राहून म्हणाले, “चाळीस वर्षे नोकरी केली, पण आकाशवाणीवर शेगडी पेटलेली पाहिली नाही.” तथापि निजायच्या खोलीतली पेटी त्याच प्रवाहावर नित्यनेमाने तापत असल्यामुळे पुरवठा निर्दोष ठरला, आणि बीबीसीची सन्मानाने मुक्तता झाली.

यानंतर वीजतंत्री आला, सकाळी अकरा वाजता. आता या पेट्यांची तार स्वतंत्र असून तिच्यात प्रवाह येतो तो केवळ रात्रीच्या प्रहरी, ही गोष्ट त्या सद्गृहस्थास ठाऊक नव्हती असे नाही. परंतु पहाटे तीन वाजता घरी येणारा वीजतंत्री अद्याप जन्मास यावयाचा आहे. शिवाय तापलेल्या विटांत हात घालता येत नसल्याने, पेटी दोन दिवस आधी बंद ठेवून पुरती गार करावी, अशी त्याची पूर्वअट होती. म्हणजे जो रोगी केवळ तापात असतानाच मूर्च्छित होतो, त्याचा ताप उतरवून, त्यास पुरती शुद्ध आल्यावर, मूर्च्छेची चौकशी करावयाची. त्याने झाकण काढले, तळाशी साचलेली धूळ झाडली, वेटोळ्यांचा रोध मोजला, तो यथायोग्य भरला. आणि मग एका कोपऱ्यातील बोटभर कळ दाबून, “आता चालेल,” असा दाखला व त्यासोबत बिल देऊन तो निघून गेला.

ती कळ ही खजिन्यावरची खरी पहारेकरी. पेटीत उष्णता मर्यादेबाहेर साचली की ती प्रवाह तोडते, आणि काही पेट्यांत ती आपोआप पूर्ववत होत असली, तरी आमच्या पेटीत माणसाने येऊन दाबेपर्यंत ती तटस्थ राहते. येथेच साऱ्या तपासाची दिशा चुकत होती. कळ तुटे ती सोमवारच्या पहाटे. तोवर विटा बऱ्याच तापलेल्या असल्याने सोमवार सुखाने जाई. सोमवारच्या रात्री भरणाच होत नसे. आणि मंगळवारी गारठलेले आम्ही सोमवारच्या रात्री काय बिघडले याचा पंचनामा करीत बसत असू. त्या रात्री काहीच बिघडलेले नसे.

श्वशुरांच्या समवेत फोनवर असलेल्या माझ्या मेहुण्याने तर ती कळच तारेचा तुकडा जोडून निकालात काढावी असे सुचविले. त्यावर श्वशुर आपल्या चिरंजीवांस जे बोलले ते येथे उद्धृत करण्याजोगे नाही, परंतु शब्दशः बरोबर होते. पहारेकरी ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधणारास चोराचा साथीदार म्हणतात; येथे चोराच्या जागी आग असते, इतकाच फरक.

उलगडा झाला तो शेजारच्या वृद्ध बाईंकडून. उभे आयुष्य असल्या पेट्यांच्या सहवासात घालविलेल्या या बाई शॉर्टब्रेडचा डबा घेऊन आल्या, पेटीकडे पाहिलेही नाही, आणि खिडकीचा पडदा दोन बोटांनी उचलून धरून इतकेच म्हणाल्या, की हा जमिनीपर्यंत कशासाठी? खिडकी पेटीच्या बरोबर वर. घरमालकाचा तो जाडजूड मखमली पडदा रात्री ओढला, की पेटीच्या जाळीवर ऐसपैस पसरत असे. गरम हवेचा मार्ग खुंटे, उष्णता आतल्या आत कोंडे, आणि कळ आपले कर्तव्य बजावी. ज्या रात्री सौ. पडदा ओढावयास विसरत, त्या रात्री पेटी सुरळीत चाले. तिच्या लहरीपणाचे रहस्य एवढेच.

वाचकांपैकी कोणाची पेटी अशीच रुसत असेल, तर त्यांनी कळ दाबण्यापूर्वी पडदा, सोफा आणि वाळत घातलेले मोजे यांची झडती घ्यावी. आणि कळ पुनःपुन्हा तुटत असेल, तर ती दाबीत न बसता जाणकारास बोलवावे. आम्ही पडदा वीतभर आखूड करण्याची परवानगी लेखी मागितली. पडदा मालमत्तेच्या यादीत नोंदलेला असल्याने तो कापता येणार नाही, मात्र टाचण्या लावून वर दुमडण्यास हरकत नाही, टाचण्यांचा खर्च भाडेकरूने सोसावा, असे घरमालकाचे उत्तर आले आहे.