देहस्थितीवरून मनःस्थिती: नगर जिल्ह्यासाठी प्रात्यक्षिक मार्गदर्शिका

नगर जिल्ह्यातल्या (कागदोपत्री आता अहिल्यानगर, एसटीच्या कंडक्टरला दोन्ही चालतात) समस्त नागरिकांस कळवण्यात येते की, माणसाला काय सुचावे हे तो बसतो कसा यावर अवलंबून आहे. पोक काढून बसाल तर विचारही पोक काढूनच येतील. हे आजी सांगत होती तेव्हा कोणी ऐकले नाही. 2010 साली अमेरिकेत डॅना कार्नी, एमी कडी आणि अँडी याप यांनी सांगितले, मग सगळ्यांनी ऐकले. त्यांनी 42 माणसे घेतली. काहींना हातपाय पसरून ऐसपैस बसवले, काहींना अंग चोरून. दोनच मिनिटांत पसरलेल्यांच्या अंगातले हिमतीचे रसायन चढले आणि ताणाचे उतरले, असा निष्कर्ष निघाला. 2015 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी 200 माणसांवर हाच प्रयोग करून पाहिला. माणसांना जोर आल्यासारखे वाटले खरे, पण रसायने जागची हलली नाहीत. 2016 मध्ये तर खुद्द कार्नीबाईंनी हात वर केले. हेही एक आसनच, पण त्याचा अभ्यास अजून व्हायचा आहे.

नगरकरांनी नाउमेद होऊ नये. आपल्याकडचे प्रयोग जुने आहेत आणि रसायने तपासायला अद्याप कोणी फिरकलेले नाही.

सुरुवात नेवाश्यापासून, म्हणजे टेकून बसण्यापासून करावी. साहित्य: दगडी खांब, एक. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरांनी प्रवरेकाठी या खांबाला टेकून गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली, अशी परंपरा आहे. सांगणाऱ्याचे वय तेव्हा पंधराच्या आसपास. आमच्या घरातला पंधरा वर्षांचा मुलगाही रोज भिंतीला टेकूनच बसतो. नेवाश्याच्या खांबावर अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या देणगीचा लेख कोरलेला आहे. आमच्या भिंतीवर तेल आहे, लेख नाही. या खांबावरून दुर्गाबाई भागवतांनी आपल्या पुस्तकाला ‘पैस’ हे नाव दिले आणि त्याला 1971 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तेव्हा खांबाजवळ जाऊन आलेल्यालाही सुचते, हे सिद्ध आहे.

एक शंका मात्र कोणी विचारत नाही. टेकायला खांब सांगणाऱ्याला मिळाला. नऊ हजार ओव्या लिहून घेणारा कसा बसला होता? त्याची मान खालीच असणार. पोक काढून बसल्याने बुद्धी मंदावत असती तर पहिल्या अध्यायातच घोटाळा झाला असता. पण भक्त दर्शनाला जातात ते खांबाच्या.

पुढचा धडा भुईकोट किल्ल्यात. ऑगस्ट 1942 मध्ये इंग्रजांनी काँग्रेस कार्यकारिणी उचलून इथे आणून ठेवली: नेहरू, पटेल, आझाद, पंत, नरेंद्र देव आणि इतर. त्यांतले नेहरू हे शीर्षासनाचे जुने भक्त. 1936 साली निघालेल्या आत्मचरित्रात त्यांनी लिहून ठेवले होते की, हे आसन शरीराला चांगले आहेच, पण आपल्याला त्याचा मनावरचा परिणाम अधिक आवडतो. असल्या काहीशा हास्यास्पद अवस्थेत राहिल्याने वृत्ती खेळकर होते आणि आयुष्याच्या लहरीपणाकडे जरा सोशिकपणे पाहता येते. अमेरिकेतल्या प्रयोगाच्या चौऱ्याहत्तर वर्षे आधी, आणि नमुना अवघा एक. याच किल्ल्यात एप्रिल ते सप्टेंबर 1944 या पाच महिन्यांत त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. ज्याला जग उलटे पाहायची सवय आहे त्याला पाच हजार वर्षांचा इतिहास सुलटा दिसला, असे म्हणायला या मार्गदर्शिकेची हरकत नाही.

कृती: भिंतीपासून वीतभर अंतरावर घोंगडीची चौघडी घालावी. धोतर किंवा लुंगी असल्यास आधी काचा मारावा. हे विसरणाऱ्याची वृत्ती खेळकर होते, पण बघणाऱ्यांची अधिक. रक्तदाब, चष्म्याचा मोठा नंबर किंवा मानेच्या मणक्याची तक्रार असल्यास हा धडा नुसता वाचावा. पाय वर गेले की शेजारच्या काकू वाटी घेऊन साखर मागायला येतीलच. “अगंबाई, काय झालं हो यांना?” असे त्या आत बघून विचारतील. त्यावर खालून, लाल झालेल्या तोंडाने, “काही नाही, साखर फडताळात आहे,” असे न चिडता सांगता आले की तुमचा सोशिकपणा वाढला असे समजावे.

त्याच किल्ल्यात याच्या नेमकी उलट पद्धत चालू होती. मौलाना आझाद पहाटे उठून स्वतःच्या हाताने चिनी चहा करत आणि टपालात न पडणारी पत्रे लिहीत. तीच पुढे ‘गुबारे खातिर’ म्हणून छापली गेली. खोलीत चिमण्यांचा उच्छाद होता. आधी त्यांनी लढाई केली, मग तह: दाणे ठेवायचे आणि अजिबात हलायचे नाही. हळूहळू चिमण्या धीट होत जवळ येऊ लागल्या. निश्चल बसण्याचा इतका उघड पुरावा कोणत्याही प्रयोगशाळेत मिळायचा नाही. 1943 मध्ये त्यांच्या पत्नी कलकत्त्यात अत्यवस्थ होत्या. सरकारकडे काही मागणे करायचे असेल तर लगेच पोचवतो, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले. मौलानांनी काही मागायचे नाही असे सांगितले. एप्रिलमध्ये त्या गेल्या. या आसनाची कृती इथे दिलेली नाही.

शिर्डीबद्दल थोडक्यात. उजवा पाय डाव्या पायावर टाकून शिळेवर बसलेले साईबाबा घरोघरी भिंतीवर आहेत. त्याच भिंतीखाली नातवाला “पायावर पाय टाकून बसू नकोस, मोठी माणसं बसलीत” म्हणून दटावले जाते. हे आसन अधिकारी पुरुषासाठी राखीव आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

अधिकाराचा विषय निघालाच आहे तर कचेरीतले आसन. खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल असला की बसणारा आपोआप मागे रेलतो आणि त्याला नियम आठवू लागतात. समोरचा उभा असतो. प्लास्टिकची पिशवी छातीशी, कंबरेतून किंचित वाकलेला, चपला दाराबाहेर काढल्यात तिकडे अर्धे लक्ष. वीस वर्षे कसलेल्या जमिनीचा गट नंबर त्याला तेवढ्यात आठवेनासा होतो. उपाय: खुर्ची मागून घेऊन बसावे. ती मिळाली तर काम अर्धे झाले; न मिळाल्यास ‘उद्या या’ हे बसूनच ऐकल्याचे समाधानही गेले.

आता शेवटचे आसन. 1950 साली प्रवरेकाठी लोणीला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मग जिल्हाभर धुराडी उभी राहिली, आणि दर हंगामात पाथर्डीसारख्या दुष्काळी भागांतून ऊसतोड्यांचे तांडे निघू लागले. नवरा-बायको मिळून एक कोयता. उसाच्या बुडख्याकडे साखर जास्त, म्हणून तोड जमिनीलगत हवी. त्यासाठी पहाटेपासून कंबरेत दुमडून राहायचे. सिद्धान्ताप्रमाणे हिंमत इथे तळाला गेली पाहिजे. पण थोड्या वेळाने तीच बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढते. मान सरळ, पाठ सरळ, छाती पुढे, एक हात वर. असे शास्त्रशुद्ध आसन जिल्ह्यात दुसरे कोणी करत नाही, आणि ती ते दिवसातून कितीदा तरी करते. सिद्धान्ताप्रमाणे एव्हाना तिने मुकादमाला उचलीचा हिशेब विचारायला हवा होता.

मुकादम बांधावर असतो. मोटरसायकलवर बसल्या बसल्या एक पाय जमिनीला, एक हात टाकीवर, कानाला मोबाइल. तोही दोन मिनिटेच तसा बसतो. पण त्याने दिवाळीआधी उचल वाटलेली असते.