माल्टपाव मुरवण्याचा शास्त्रोक्त विधी

अधिकार

कोणताही विधी सांगण्याआधी सांगणाऱ्याचा अधिकार पाहण्याची आपली रीत आहे. तो असा: प्रस्तुत लेखकाने गेल्या दोन पावसाळ्यांत डोंबिवलीच्या एका दोन खोल्यांच्या घरात माल्टपावाचे अकरा घाणे भाजले. त्यांतल्या दहा घाण्यांतला एकही पाव मुरेपर्यंत टिकला नाही. अकराव्याची हकीकत शेवटी येईल. घाई असलेल्यांनी थेट शेवट वाचू नये. घाई हाच या विधीतला मुख्य दोष आहे.

१. माल्ट म्हणजे काय

सातू, म्हणजे जव, भिजवून त्याला मोड आणतात. मोड जरा रांगायला लागला की धान्य भट्टीत वाळवतात आणि त्याचा उत्साह तिथेच मोडतात. हा झाला माल्ट. पुढे तो भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात मुरत ठेवतात. मोड येताना दाण्यात तयार झालेली विकरे या पाण्यात जागी होतात आणि पिठूळ स्टार्चचे तुकडे पाडून त्यांची साखर करतात. हिला माल्टोज म्हणतात. पाणी गाळून, आटवून जो दाट तपकिरी पाक उरतो तो माल्ट एक्स्ट्रॅक्ट. दिसायला काकवी, वास भाजलेल्या धान्याचा, आणि गोडी साखरेच्या निम्म्याहून कमी. शेजारच्या वहिनींनी चाटून पाहिले आणि म्हणाल्या, "गोडाचा आव आहे, गोड नाही."

स्टार्चची साखर करण्याचे काम करणारा पदार्थ पायाँ आणि पर्सो या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी १८३३ साली वेगळा काढला आणि त्याला डायस्टेज असे नाव दिले. ही माहिती मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. आईने भाजी निवडता निवडता विचारले, "म्हणजे नाचणीचं सत्त्वच ना रे?"

मी म्हणालो, "नाही आई, हे युरोपातलं आहे."

"आम्ही नाचणी रात्रभर भिजवायचो, फडक्यात बांधून मोड आणायचो, सावलीत वाळवायचो, भाजायचो, दळायचो. तुझ्या पायाँनी यात वेगळं काय केलं?"

विधीत शंका आली की ती टिपून ठेवावी आणि पुढे जावे. मी पुढे गेलो. परंतु प्रामाणिकपणा म्हणून नमूद करतो, की आईचे बरोबर होते. मोड आलेल्या, न भाजलेल्या नाचणीचे किंवा गव्हाचे चमचाभर पीठ घट्ट कोमट पेजेत ढवळले की पेज बघता बघता पातळ होते आणि बाळाला कमी घोटात जास्त दाणा पोचतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात यावर रीतसर संशोधन झाले. माझ्या घरात त्याआधीच झाले होते, फक्त ते कुणी छापले नाही.

२. माल्टची थोरवी

कुठल्याही व्रताला माहात्म्य लागते. माल्टचे असे: विल्यम आणि जेम्स हॉर्लिक हे दोन इंग्रज भाऊ अमेरिकेत गेले आणि माल्ट व दूध सुकवून केलेल्या भुकटीचे पेटंट त्यांनी १८८३ साली मिळवले. पुढे ही भुकटी ध्रुवाकडे जाणाऱ्यांच्या पोतडीत शिरली. रिचर्ड बर्ड या अमेरिकी संशोधकाने आपल्या आश्रयदात्या हॉर्लिकचे नाव अंटार्क्टिकातल्या डोंगररांगेला दिले. पुरणपोळीच्या नावाने पृथ्वीवर अजून एकही डोंगर नाही, हे लक्षात घेऊन वाचकांनी पुढील भाग सावरून बसून वाचावा.

इंग्रज घरांतून माल्ट एक्स्ट्रॅक्ट मुलांना शक्तिवर्धक म्हणून चमच्याने भरवत. 'द हाउस ॲट पूह कॉर्नर' या १९२८ च्या पुस्तकातला टिगर मध नाकारतो, ओकची फळे नाकारतो, काटेरी झुडपेही नाकारतो, आणि शेवटी त्याला रुचतो तो माल्ट एक्स्ट्रॅक्ट. वाघासारख्या प्राण्याचे हे मत आहे. वहिनींचे मत वर दिलेच आहे.

आपला विषय असलेला माल्टपाव, म्हणजे काळसर, चिवट-मऊ, मनुका घातलेला आणि लोणी लावून खायचा पाव, हा इंग्लंडचा. मँचेस्टरमध्ये १९३० च्या दशकात सुरू झालेला 'सोरीन' हा त्यातला नावाजलेला. तो हलका होऊ नये अशीच अपेक्षा असते. हलका झालाच तर समजावे, केक झाला.

३. खरेदी

माल्ट दोन प्रकारचे असतात: जागे आणि झोपलेले. दुकानदार त्यांना डायस्टॅटिक आणि नॉन-डायस्टॅटिक म्हणतो. जाग्या माल्टमध्ये विकरे जिवंत असतात. ती यीस्टच्या पावात कणकेतल्या स्टार्चची साखर करून यीस्टला खाऊ पुरवतात. झोपलेल्या माल्टमधली विकरे उष्णतेने निकामी झालेली असतात. त्याने फक्त रंग, वास आणि गोडीचा आव मिळतो. माल्टपावाला झोपलेला पुरतो.

जागा माल्ट ५०० ग्रॅम पिठाला अर्धा ते एक छोटा चमचा, याहून जास्त घालू नये. लेखकाने 'पौष्टिक आहे' म्हणून तीन मोठे चमचे घातले होते. पाव वरून सुंदर फुगला, सोनेरी झाला. आत सुरी घातली ती बाहेर आली नाही. विकरांनी सगळ्या स्टार्चचा फडशा पाडला होता आणि आत उरली होती लापशी. मुलीने त्या दिवशी शाळेची तीन पोस्टर्स त्याने चिकटवली.

दुकानात किंवा घरपोच मागवताना बरणीवर बिअरच्या पेल्याचे चित्र असण्याचा संभव असतो, कारण बिअरलाही हाच अर्क लागतो. आमच्या सोसायटीच्या सचिवांनी पार्सल पाहून नजर रोखली. त्यांना सांगावे, की बिअरला हॉप्स, यीस्ट आणि परवाना लागतो आणि १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याला पाठ आहे. कायदा पाठ असल्याचे सांगितल्यावर संशय वाढतो, असा अनुभव आहे.

४. साहित्य (दोन छोट्या पावांसाठी)

कोरा कडक चहा १५० मिली. माल्ट एक्स्ट्रॅक्ट १७५ ग्रॅम. चिरलेला गूळ ७५ ग्रॅम. मनुका आणि चिरलेला खजूर मिळून ३०० ग्रॅम. अंडी २. मैदा १५० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम. बेकिंग पावडर १ छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा. चिमूटभर मीठ. लोखंडासारखे मन.

पाव दोनच का, याचा खुलासा कलम ६ मध्ये आहे.

५. कृती

माल्ट चमच्याने मोजू नये. चमच्यात गेलेला माल्ट चमच्यातच संसार थाटतो. वजनकाट्यावर पातेले ठेवून, आकडा शून्यावर आणून, बरणी तिरकी करावी. धार सुरू होण्यास सुमारे एक अभंग लागतो. आकडा १६५ वर आला की बरणी सरळ करावी. उरलेले दहा ग्रॅम आपोआप पडतात, आणि नंतरचे दहा ग्रॅम ओट्यावर. चमचा वापरणे भागच असेल तर तो आधी तेलात बुडवावा.

पातेल्यात गरम चहा, गूळ आणि सुकामेवा घालून गूळ विरघळेपर्यंत ढवळावे. "चहा पावात? मग पाव कशात बुडवायचा?" हा प्रश्न घरातून येईल. उत्तर देऊ नये. मिश्रण कोमट झाल्यावरच अंडी फोडावीत, नाहीतर मनुकांची भुर्जी होते. मग पिठे, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ चाळून घालावे व ढवळाढवळ थोडक्यात आटपावी. हाच नियम घरातल्यांनाही लागू आहे.

बटर पेपर लावलेल्या दोन लांबट डब्यांत मिश्रण ओतून, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १५० अंशांवर ५० मिनिटे भाजावे. विणकामाची सुई खुपसून कोरडी आली की झाले. वरचा काळसर रंग पाहून "करपला वाटतं" असे कुणी म्हणेल. त्यांना सांगावे, की शर्करा आणि प्रथिने तापली की अशीच तपकिरी होतात. लुई-कामी मायार या फ्रेंच वैद्याने हे १९१२ साली मांडले. रंगाची जबाबदारी त्याची. गरम असतानाच पावाच्या माथ्यावर चमचाभर माल्ट चोपडावा, म्हणजे तो चकाकतो आणि पकडताना हातही चकाकतात.

६. बळीचा पाव

आता विधीचा गाभा. माल्टपाव त्याच दिवशी खायचा नसतो. तो कागदात आणि फॉइलमध्ये गुंडाळून किमान दोन दिवस ठेवायचा. या काळात आतला ओलावा कडांपर्यंत झिरपतो, कोरडे कवच मऊ पडते आणि माल्ट ओल धरून ठेवत असल्याने सगळा पाव एकजीव, चिकट, दाट होतो. म्हणजेच तो मुरतो. लोणचे मुरण्यासाठी जी जमात अख्खा आषाढ थांबते, तिला दोन दिवस थांबणे जड का जावे, हे मला समजलेले नाही. परंतु जाते.

म्हणून पाव दोन भाजावेत. पहिला 'बळीचा पाव'. तो ओव्हनमधून काढून सर्वांच्या देखत ओट्यावर ठेवावा आणि "मुरू दे हं" असे मोठ्याने म्हणून घराबाहेर चक्कर मारून यावी. परत येताच ताट रिकामे आणि चेहरे निरागस दिसतील. तेवढ्या गोंधळात दुसरा पाव लपवून झालेला असावा.

७. लपवण्याच्या जागा

फ्रिज: बाद. तिथे पहिला हात जातो, शिवाय थंडीत पाव कडक होतो. कपड्यांचे कपाट: डांबरगोळ्यांचा वास मुरतो. पिठाचा डबा: बायकोने "अहो, हे काय?" असे विचारले तेव्हा उत्तर तयार नव्हते. ओव्हन: मुलीने पिझ्झासाठी तापवायला लावला. देव्हाऱ्यामागची फळी: मुंग्या भाविक निघाल्या.

अकराव्या घाण्याच्या वेळी मला साक्षात्कार झाला. आमच्या घरात फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या असतात. तोंडाला दादरा बांधलेला, वर सुतळी. त्यांना आईशिवाय कुणी हात लावायचा नाही, ओल्या हाताने तर नाहीच. एक मोठी, रुंद तोंडाची बरणी रिकामी होती. मी ती धुतली, उन्हात ठेवली, गुंडाळलेला पाव तीत उभा उतरवला, दादरा बांधला आणि निश्चिंत झोपलो.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. कुणी विचारलेही नाही.

तिसऱ्या सकाळी मी स्टुलावर चढलो. दादरा जागच्या जागी होता. सुतळीची गाठ मात्र माझी नव्हती. माझी साधी असते, ही सरकगाठ होती. फॉइल नीट दुमडून परत घातलेले होते आणि आत पाव अर्धा होता. काप सरळ, विळीने घेतलेले.

आई खाली उभी होती.

"लोणच्याला बुरशी आलीय का बघत होते," ती म्हणाली. "काल एक फोड काढली, आज दोन. अजून एक दिवस मुरायला हवा होता. हिंगाचा वास येतोय जरासा, पुढच्या वेळी बरणीला धुरी दे. आणि नाचणीचं पीठ घालून बघ, या सातवापेक्षा बरं लागेल."

८. मुरलेल्या माल्टपावाची चव

या कलमासाठी लेखकाला आणखी एक दिवस हवा होता. उरलेला अर्धा पाव बरणीत परत ठेवला आहे. गाठ या वेळी आईने बांधली आहे.